सरांचा उजवा डोळा

घोडेगावच्या बाजारात वडिलांसाठी म्हैस घ्यायला गेलो, त्या दिवशी मी दोन्ही लेन्स उजव्या डोळ्यात घातल्या होत्या.

हे मला संध्याकाळी कळलं. दिवसभर एवढंच कळत होतं की डावीकडचं जग धुक्यात आहे आणि उजवीकडचं वितळतंय. नवीन लेन्सची डोळ्याला सवय व्हायला वेळ लागतो असं डबीबरोबरच्या कागदावर लिहिलं होतं, आणि मी छापील मजकुरावर विश्वास ठेवणारा माणूस. दलालाने भाव सांगायला माझा हात रुमालाखाली घेतला, बोटं दाबली, मी जाणकारासारखी मान हलवली. म्हशीचे दात पाहिले, म्हणजे दातांच्या दिशेने पाहिलं. शिंगांची तारीफ केली. ती शेजारच्या म्हशीची निघाली. टेम्पोत घालून तिला पारनेर तालुक्यातल्या आमच्या गावी आणली. वडिलांनी तिच्याभोवती एक फेरी मारली आणि तिच्या डाव्या डोळ्यासमोर हात हलवला. म्हैस ढिम्म.

"आरं, हिच्या डोळ्यात फूल पडलंय. ही तर एका डोळ्यानं आंधळी हाय."

मी जवळ जाऊन पाहिलं. मला फूल दिसेना. मग वडिलांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. माझा उजवा डोळा जांभळासारखा सुजला होता आणि त्यातून पाणी गळत होतं.

"लई चांगलं झालं," ते म्हणाले. "तिचा एक, तुजा एक. आता दोघं मिळून चरायला जावा."

ज्यांनी मला लेन्स घालायला शिकवलं, त्या सरांना मी हे सांगितलं तेव्हा ते हसले नाहीत. त्यांनी वर्गात उलटतपासणी घ्यावी तशी घेतली.

"आधी कोणता डोळा?"

"उजवा, सर. तुम्हीच सांगितलंय."

"मग?"

"मग फोन आला."

"कोणाचा?"

"म्हशीच्या दलालाचा."

"फोन झाल्यावर काय केलंस?"

"परत उजव्यापासून सुरुवात केली."

सरांनी खुर्चीच्या पाठीला मान टेकवली. "शिस्त आहे," ते म्हणाले, "डोकं नाही."

सर माझे घरमालक. मी श्रीरामपुरात एका कांद्याच्या आडतीवर नोकरीला लागलो तेव्हा चर्चच्या मागच्या गल्लीत त्यांच्या घराची पुढची खोली भाड्याने घेतली. सर शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेले. मागच्या खोल्यांत ते आणि त्यांची बायको, जिला सगळी गल्ली बाई म्हणायची, कारण गल्लीतली निम्मी पोरं बाईंच्याच बालवाडीत रडून मोठी झाली होती. मूलबाळ नव्हतं. भाडं ठरवायला गेलो तर सरांनी आधी माझे हात पुढे करायला लावले. नखं पाहिली. म्हणाले, "कापून ये." मी कापून आलो. मग दुसरी अट सांगितली: घरात लव सुटणारा टॉवेल आणायचा नाही. का, हे सांगितलं नाही. मला वाटलं, ख्रिस्ती लोकांत काही असेल. आमच्या गावात ख्रिस्ती घर नसल्यामुळे बरेच दिवस मी सरांचा प्रत्येक विक्षिप्तपणा त्यांच्या धर्मावर ढकलत होतो. सर ठेचा चमच्याने खायचे, तेही मी धर्मात टाकलं होतं. जिल्ह्यात ठेचा चमच्याने खाणारा तो एकच माणूस असावा. भाकरीचा तुकडा डाव्या हातात, चमचा उजव्या हातात, आणि उजव्या हाताची पहिली दोन बोटं तिखटापासून अशी लांब उचललेली, जणू ती बोटं दुसऱ्या कोणाची होती आणि संध्याकाळी परत करायची होती.

कारण साधं होतं. त्या दोन बोटांनी ते रोज लेन्स काढायचे.

सरांचा नंबर उणे अठराच्या आसपास. लेन्स काढली की समोर धरलेलं स्वतःचं बोट त्यांना नाकापर्यंत आणावं लागायचं. असा माणूस आयुष्यभर जाड चष्मा लावून फिरतो. सर फिरले नाहीत. लेन्स काचेसारख्या कडक असायच्या त्या काळापासून ते लेन्स घालत आले होते. बाई उठायच्या आत ते उठायचे, मोरीशेजारच्या कोनाड्यासमोर उभे राहायचे, साबणाने हात धुवायचे, जुन्या धोतराच्या मऊ फडक्याला पुसायचे आणि लेन्स बोटाच्या टोकावर घेऊन उजेडात धरायचे. "वाटी असेल तर घालायची," ते मला शिकवताना म्हणाले होते. "कडा बाहेर पसरलेली, बशीसारखी दिसली तर उलटी आहे. बशी डोळ्यात घातलीस तर डोळा तुला दिवसभर शिव्या देईल." रंगपंचमीला ते दार लावून बसायचे. उसाच्या ट्रॉलीमागून कधी चालायचे नाहीत. कुणाच्या मातीला जायचं असलं की घरून निघतानाच लेन्स काढून डबीत, डबी खिशात. रडताना लेन्स वाहून जाते असं त्यांचं म्हणणं. चष्मा मात्र लावायचे नाहीत. कबरस्तानात ते बाईंचा दंड धरून चालायचे आणि लोक म्हणायचे, बाईंना किती जपतात बघा मास्तर. खरं म्हणजे बाई त्यांना खड्ड्यांतून काढत असायच्या.

माझा स्वतःचा लेन्सशी संबंध आला तो निव्वळ हौसेपोटी. माझा चष्मा बराच जाड आणि नाक बसकं; आडतीवर कांद्याच्या ढिगावर वाकलो की चष्मा ढिगात पडायचा आणि हमाल लिलाव थांबवून टाळ्या वाजवायचे. मी सरांना म्हटलं, मलाही लेन्स घ्यायच्यात. सर मला एसटीने नगरला त्यांच्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेले. तिथे काउंटरवरच्या मुलीने माझ्यापुढे रंगीत लेन्सची चित्रं मांडली. मी घाऱ्या रंगावर बोट ठेवलं.

"मांजर व्हायचंय का?" सर म्हणाले.

"सर, जरा वेगळं दिसेल."

"काय बघायचंय तुला?"

मला प्रश्न कळला नाही. सर लेन्स घेणाऱ्या प्रत्येकाला हाच प्रश्न विचारायचे. दवाखान्यात रांगेत बसलेल्या अनोळखी माणसालासुद्धा. कॉलेजातल्या पोरी घाबरून दुसऱ्या बाकावर जायच्या. डॉक्टर मात्र ओळखून होता. माझ्या बुबुळाचा बाक मोजता मोजता म्हणाला, "सांगून टाका काहीतरी. नाहीतर ते तुम्हाला लेन्स घेऊ देणार नाहीत."

मी म्हटलं, "कांदे बघायचेत."

"हे चाललं," सर म्हणाले. आणि मला साध्या, बिनरंगाच्या, महिन्याने बदलायच्या लेन्स मिळाल्या. परत येताना राहुरीच्या पुढे एसटीत ते खिडकीबाहेर बघत एकदम बोलले, "चष्म्यातून दिसतो तो नकाशा. लेन्समधून दिसतो तो मुलूख." मी हो म्हटलं. मला डोळे चोळायची फार इच्छा होत होती आणि ते माझ्या हातांवर नजर ठेवून होते.

नकाशाचा अर्थ मला पुढे एका रविवारी कळला. चर्चहून आल्यावर दोघं ओट्यावर बसले होते, मी पायरीवर. सर सांगत होते की जाड उण्या काचेतून माणूस बारका दिसतो, खरंच बारका, आणि मी विचारलं की मग तुम्ही बाईंना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा कशा दिसल्या?

"मुंगीएवढी," सर म्हणाले.

"आणि मला ह्यांचे डोळे मुंगीएवढे दिसले," बाई म्हणाल्या. "त्या काचेमागं दोन मुंग्या फिरत होत्या, इकडून तिकडं. मी आत गेले आणि बाबांना सांगितलं, हा चष्मेवाला नको. नावसुद्धा विचारलं नाही."

सर नकार घेऊन घरी गेले, पैसे साठवले, पुण्याहून लेन्स करून आणल्या आणि वर्षभराने दुसऱ्या चर्चच्या पाळकसाहेबांमार्फत त्याच घरी पुन्हा गेले. बाईंच्या वडिलांनी ओळखलं आणि गप्प बसले. सरकारी पगाराचा मास्तर त्यांना पहिल्यापासूनच पसंत होता. बाईंनी ओळखलं नाही. हो म्हणाल्या. लग्नानंतर पहिल्याच सकाळी सरांची एक लेन्स मोरीत पडली. ती शोधायला चष्मा लावण्यावाचून गत्यंतर नव्हतं. सर मोरीत गुडघ्यांवर बसून फरशी चाचपत होते आणि मागे बाई येऊन उभ्या राहिल्या.

"मी किंचाळले," बाई म्हणाल्या. "म्हटलं, ज्याला नाही म्हटलं तो मोरीतून निघाला की हो!"

"मग?"

"मग काय. सांगून टाकलं ह्यांना, त्या माणसाला मी नाही म्हटलंय. माझ्यासमोर त्याला आणायचं नाही."

दोघं खूप हसले. ती त्यांची आयुष्यभराची थट्टा होती. सरांच्या हातून कप फुटला की बाई म्हणायच्या, "हे त्या चष्मेवाल्याचं काम." बिल भरायचं राहिलं, तर तेही चष्मेवाल्यामुळे. सर तर पुढे जाऊन म्हणायचे, "बरं झालं, नाही म्हणालीस. त्याच्या हातून काही झालं नसतं." चष्मा कपाटाच्या खालच्या कप्प्यात, मोज्यांच्या मागे. मी तिथे राहायला लागल्यापासून मला तो कधी दिसला नव्हता.

यापुढचं सांगताना मला थट्टा जमेल असं नाही. पण दुसरं काही येतही नाही.

बाईंचं विसरणं हळूहळू सुरू झालं. चहात मीठ. दारात उभ्या राहून मला "कोण पाहिजे?" मग लगेच "अरे तू होय". चर्चमध्ये गाणी मात्र सगळी तोंडपाठ, एकही कडवं न चुकता. आणि सरांना त्या पक्कं ओळखायच्या. दुसरं सगळं गळून गेलं तरी "मास्तर" राहिलं होतं. सर बाहेरून आले की बाई खुर्चीतून उठायच्या, त्यांच्या तोंडावरून हात फिरवायच्या आणि म्हणायच्या, "आलात का?" सर दिवसातून उगीचच चार वेळा बाहेर जाऊन यायचे.

त्याच सुमारास त्यांचा डोळा बिघडला. डावा डोळा कधीचाच गेलेला होता. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर आतला पडदा सुटला आणि परत बसला नाही. जे काही दिसायचं ते उजव्याने. त्या उजव्यात आता बुबुळावर पांढरा ठिपका उठला. मी त्यांना नगरला नेलं. डॉक्टरने यंत्रातून बराच वेळ पाहिलं, दिवा विझवला, आणि खुर्ची सरांच्या जवळ ओढली.

"मास्तर, लेन्स बंद. ही जखम औषधाने भरेल. पण पुन्हा लेन्स घातलीत तर हाही डोळा जाईल."

"ऑपरेशन?"

"तुमच्या पडद्यावर मी हात टाकणार नाही. डाव्याचं काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. चष्मा लावा. चष्म्याने दिसतंय तुम्हाला."

 एसटीत मीच बडबड करत होतो की हल्ली फ्रेम किती हलक्या मिळतात. त्यांनी एकदाच मान वळवली. "तुला कळत नाहीये," म्हणाले.

मला खरंच कळलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं. सर चष्मा लावून स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. बाई कणीक मळत होत्या. त्यांनी वर पाहिलं आणि पिठाच्या हाताने डोक्यावर पदर घेतला.

बाई दोनच वेळा डोक्यावर पदर घ्यायच्या: प्रार्थनेला, आणि परका पुरुष घरात आला की.

"कोण पाहिजे?" त्या म्हणाल्या. "मास्तर घरी नाहीत."

"अगं, मीच आहे."

बाईंनी निरखून पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर ओळख पटल्याचं दिसलं आणि मला क्षणभर हायसं वाटलं. मग त्या भिंतीला सरकल्या. "तुम्ही? तुम्हाला नाही म्हणून सांगितलं होतं ना आमच्या बाबांनी?"

चाळीस वर्षं जी थट्टा होती तेवढीच नेमकी त्यांच्या डोक्यात शाबूत राहिली होती, आणि आता ती थट्टा राहिली नव्हती.

सर मागे सरले. दाराआड जाऊन चष्मा काढला, खिशात ठेवला आणि भिंतीला हात लावत पुन्हा आत आले. आता त्यांना काहीही दिसत नव्हतं. बाईंनी पदर खाली सोडला.

"आलात का? कुठे होतात? तो आला होता, चष्मेवाला."

"काय म्हणाला?"

"काही नाही. नुसता उभा होता."

"मग जाऊ दे," सर म्हणाले, आणि हात पुढे करून त्यांचा चेहरा हवेत शोधू लागले.

असं ते घर चालू लागलं. सरांना दिसायचं तेव्हा ते परके असायचे आणि नवरा असायचे तेव्हा आंधळे. बाईंना औषधं द्यायची तर गोळी ओळखायला चष्मा हवा, आणि चष्मेवाल्याच्या हातून बाई पाणीसुद्धा घेत नसत. मग सर बाहेरच्या खोलीत चष्मा लावून गोळ्या काढायचे, मुठीत घट्ट धरायचे, चष्मा उतरवायचे आणि चाचपडत आत जायचे. निम्म्या गोळ्या फरशीवर. भाजी भरवायला गेले की घास बाईंच्या गालाला. बाई म्हणायच्या, "मास्तर, तुम्हाला काय झालंय, नीट बघा की!"

मी या सगळ्यात मदत केली. माझी मदत कशी असते ते म्हशीवरून ध्यानात आलंच असेल. आधी मी बिनकडेची फ्रेम सुचवली. ती म्हणे तोंडावर दिसत नाही. आणली. बाईंनी पदर घेतला. मग मला मोबाईलवर एक व्हिडिओ दिसला, की अशा माणसांना जुने फोटो दाखवून हळूहळू आठवण द्यावी. घरात एकच मोठा फोटो होता, दोघांच्या लग्नाचा, बाई पांढऱ्या साडीत, सर कोटात, डोळे केवढे टपोरे. मी विचार केला, बाईंनी रोज या फोटोत मास्तरांना चष्म्यासकट पाहिलं तर सवय होईल. काळा मार्कर घेतला आणि काचेवर, बरोबर सरांच्या डोळ्यांवर, चष्मा काढला. बराच सुबक आला होता.

दुपारी बाई फोटोसमोर उभ्या राहिलेल्या दिसल्या. मी उत्साहाने जवळ गेलो. त्या पदराचं टोक ओलं करून काच घासत होत्या आणि मार्कर निघत नव्हता.

"कोणी केली ही घाण?" त्या म्हणाल्या. "ह्यांचे डोळे कुठे गेले?"

सर मागे उभे होते, चष्म्याशिवाय. त्यांना फोटोही दिसत नव्हता आणि मार्करही. त्यांनी मला विचारलं, "ती का रडतेय?" आणि मी, आडतीवर दिवसभर बोलणारा माणूस, स्पिरिट शोधायला पळालो. मग काच पुसली. आजूबाजूचा धुरकटपणा गेला नाही.

मग सर चोरून लेन्स घालू लागले. डोळ्यातली जखम भरली होती, थोडा वेळ चालेल, असं स्वतःच ठरवलं. मी कोनाड्यातली डबी ओली पाहिली आणि विचारलं तर म्हणाले, "जेवणापुरती. तिला जेवू घालण्यापुरती."

"सर, डोळा जाईल."

"जेवताना बघतो मी तिला. तू गप्प बस."

मी गप्प बसलो नाही, पण त्याने काही झालंही नाही. जेवणापुरती म्हणता म्हणता चर्चला जाण्यापुरती झाली, मग सकाळपुरती. ठिपका परत आला. पुन्हा नगर, पुन्हा थेंब. डॉक्टर या वेळी खुर्ची जवळ ओढून बसला नाही, उभ्यानेच म्हणाला, "पुढच्या वेळी मला दाखवायला डोळा उरणार नाही." त्यानंतर सरांनी लेन्स घातली नाही. चष्माही लावेनात. नवरा म्हणून राहायचं आणि चाचपडायचं, असं त्यांनी ठरवलेलं दिसलं. "घर मला पाठ आहे," म्हणायचे. "नकाशा लागत नाही."

घर पाठ होतं. रस्ता नव्हता.

उसाचा हंगाम होता. मी आडतीवरून दुपारी जेवायला आलो तर पुढचं दार सताड उघडं. गल्लीच्या तोंडाशी, जिथे ती मोठ्या रस्त्याला मिळते, तिथे सर उभे होते आणि हाका मारत होते. एका निळ्या साडीतल्या बाईचा हात त्यांनी धरला होता आणि तिला सांगत होते, "चल घरी, चल ना, ऊन लागतंय." ती बिचारी भाजीवाली होती, हात सोडवून घेऊ बघत होती आणि मास्तरांना दुखवूही नये असं तिला वाटत होतं. बाई पलीकडे होत्या, त्याही निळ्याच साडीत. रस्त्याच्या मधोमध, अनवाणी, दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर त्यांच्यासमोर करकचून थांबलेला, आणि ड्रायव्हर वरून ओरडत होता, "म्हातारीला आवरा की राव! कुनी हाय का न्हाई हिचं?"

मी धावलो. बाईंना धरून आणलं. सर अजून भाजीवालीच्याच हाताशी होते.

"सर, या इकडे आहेत."

त्यांनी तो हात सोडला. आवाजाच्या दिशेने वळले. ट्रॅक्टर परत सुरू झाला, उसाची पाचट उडाली, आणि सर तिथेच रस्त्याच्या कडेला उभे राहिले. मला वाटलं, रडतील. लेन्स नव्हतीच, रडायला हरकत नव्हती. पण नाही.

घरी आल्यावर त्यांनी बाईंना पाणी दिलं, चाचपडतच. बाई त्यांच्या तोंडावरून हात फिरवत होत्या, "मास्तर, घाम किती आलाय." सर तो हात बराच वेळ तोंडावर धरून बसले. मग उठून बाहेरच्या खोलीत माझ्याकडे आले.

"चष्मा दे," म्हणाले.

"सर, परत त्या..."

"तिला मी नाही दिसलो तर चालेल. मला ती दिसली पाहिजे. दे."

त्यांनी चष्मा लावला आणि पुन्हा काढला नाही. त्या दिवसापासून सर स्वतःच्या घरात परका माणूस म्हणून राहिले. आत जायचे नाहीत. आतलं शेजारची बाई येऊन बघायची आणि जेवण मी नेऊन द्यायचो. सर बाहेरच्या खोलीत दाराशेजारी खुर्ची टाकून बसायचे, जिथून आतलं स्वयंपाकघर आणि बाहेरचं फाटक दोन्ही दिसायचं. बाई अधूनमधून डोक्यावर पदर घेऊन दारात यायच्या आणि विचारायच्या, "मास्तर आले का?"

"येतील," सर म्हणायचे.

"किती वेळ बसणार तुम्ही?"

"बसतो जरा."

मी ताट घेऊन आत गेलो एकदा. मी लेन्स घातलेल्या होत्या, अर्थातच दोन डोळ्यांत एक एक. तेवढं शिकलो होतो. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. माझा बिनचष्म्याचा चेहरा निरखून पाहिला, उठल्या, माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "आलात का?"

माझ्या हातात ताट होतं. मागे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मी मान वळवली नाही.

"त्या पाहुण्याला घालवा आता," बाई हळूच म्हणाल्या. "सकाळपासून बसलाय तो. मला भीती वाटते."

मी ताट ठेवलं आणि बाहेर आलो. सर समोर बघत होते. जाड काचेमागे त्यांचे डोळे फार लहान दिसत होते. ते म्हणाले, "काढ त्या. माझ्या घरात काढून येत जा."

"हो, सर."

"तुझा दोष नाही."

"हो, सर."

"तरी काढ."

दुसऱ्या दिवशी मी माझा जुना चष्मा शोधून काढला. एक काडी मोडलेली होती, ती मी दोऱ्याने बांधली. रविवार होता. सरांनी कोट घातला होता, केस विंचरलेले. मला म्हणाले, "बस शेजारी." मी दुसरी खुर्ची ओढली. दोघंही चष्म्यात, दाराशेजारी, गुडघ्यांवर हात ठेवून बसलो. सर काय करणार आहेत ते मला कोट पाहूनच समजायला हवं होतं.

बाई दारात आल्या. पदर डोक्यावर होताच.

सर उभे राहिले. शाळेत साहेब आल्यावर उभे राहायचे तसे, ताठ.

"मी मागे एकदा आलो होतो," ते म्हणाले. "परत विचारायला आलोय."

बाईंनी ऐकून घेतलं. घाई केली नाही. त्यांनी सरांकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं, कोटाकडे, विंचरलेल्या पांढऱ्या केसांकडे, काचांकडे. काचांपाशी थांबल्या. मला वाटलं, आत्ता ओळखतील. सरांनाही वाटलं असावं.

"नाही हो," बाई म्हणाल्या, जरा मऊपणाने. "मी सांगितलं होतं की तेव्हाच. माझं मास्तरांशी झालंय आता."

सरांनी मान डोलावली. "सुखी आहात ना?"

"हो तर."

"बरं," सर म्हणाले आणि खाली बसले.

बाई आत जायला वळल्या. मग त्यांना मी दिसलो. दोऱ्याने बांधलेल्या काडीपासून त्यांनी मला पाहायला सुरुवात केली, आणि पदर सावरत सरांना म्हणाल्या, "आणि बोलणी करायला सोबत आणायला हाच मिळाला का तुम्हाला? हा तर तुमच्याहूनही बावळट दिसतो."